कड

नीलम नगरच्या मागे आमची पत्र्याची शेड.
इथे चार माग होते. भंगारात गेले.
त्यांच्या पायांचे चौकोन अजून फरशीत आहेत,
आणि तेलाचे डाग, जे कशानेच निघत नाहीत.
हे मी सांगतोय, ज्याचा धंदाच डाग काढायचा.

मंगळवारी बिराजदार काँट्रॅक्टरची काळी गाडी आली.
काळा रंग म्हणजे चुगलखोर.
बल्ब धरला की बॉनेटवर कोळ्याची जाळी उठली,
गोल गोल, वर्षभराच्या कोरड्या फडक्याची.
वर बोअरच्या पाण्याचे ठिपके, चुन्यासारखे.
"आरसा करून दे," ते म्हणाले,
"रविवारी पोरीला बघायला पाहुणे यायलेत."

मायक्रॉनचं मीटर टेकवलं.
छपरावर एकशे दहा. बॉनेटवर एकशे दोन.
डाव्या दारावर अठ्ठ्याहत्तर.
म्हणजे इथे कुणीतरी आधीच हात मारून गेलंय.
वरचा पारदर्शक थर वाढत नाही नखासारखा,
काढला तेवढा काढलाच.

म्हणून आधी मऊ.
अंबादास लोकरीचं पॅड पुढे करतो, त्याला घाई.
थांब म्हटलं.
काळा फोम, सगळ्यात बारीक पॉलिश, चार थेंब,
टेपने आखलेल्या हातभर चौकोनात
मशीन आडवं, मग उभं.
जाळी हलली नाही.
नारिंगी फोम, मधलं पॉलिश.
हे सगळं पहाटे पाचला, कारण नऊनंतर
पत्रा तापतो आणि पॉलिश पापडी धरतं.

जाळी गेली. पण तिच्या जागी
केसं उरली. बारीक, सरळ, एका अंगाची.
पॉलिश बदललं. केसं.
पॅड धुतलं, मग नवं काढलं. केसं.
शेवटी लोकर लावली, मीच,
अंबादासकडे न बघता.
धुकं पसरलं, धुक्याखाली तीच केसं.
बुधवार गेला. गुरुवार अर्धा गेला.
बाटल्या सहा, पॅड अकरा,
आणि दुकानदार फोनवर सातवी बाटली विकायला बसलेला.

दुपारी नाना डबा घेऊन आले.
चाळीस वर्षं टॉवेल विणले त्यांनी, याच छपराखाली.
दुकान उघडलं तेव्हा डझनभर आणून दिले होते,
शेवटच्या मागावरचे, हळदी रंगाचे.
ते मी गाडीला लावत नाही. त्याची बोंडं रंगाला चावतात.
खिळ्याला टांगलेत, हात पुसायला.
नानांनी कधी विचारलं नाही. बघितलं मात्र असेल.

भाकरीवर शेंगाचटणी तशीच ठेवून मी चिडचिड सांगितली,
पॅड, पॉलिश, आकडे.
त्यांना त्यातलं निम्मं कळलं नाही.
बाकावरचं मायक्रोफायबरचं फडकं उचललं,
तळहाताने नाही, हाताच्या पाठीने चाचपलं,
मग गालाला लावलं, बाजारात लावायचे तसं.
"मधला माल बरा आहे."
आणि बोटं सरकत सरकत काठाला गेली, तिथे थांबली.
"ही कड कशाने शिवलीय? नायलॉन?"

मी घास हातात धरून बसलो.

"कड पकडायला असते रे.
पुसायला कुठली?"

अंबादास हसला, मग हसायचा थांबला.
तीन दिवस मी घासून काढत होतो,
आणि तीन दिवस पुसताना परत आखत होतो.

नारिंगी फोम, मधलं पॉलिश. मग काळा, बारीक.
फडक्याची कड आत दुमडून पुसलं.
बल्ब धरला.
बल्बमध्ये नुसता बल्ब दिसला.

नाना तिसऱ्या मागाच्या चौकोनावर बसलेत,
खिशातली धागे तोडायची कात्री काढून,
एकेक टाका उसवायलेत, फडकं न ओढता.
चोवीस आहेत. दुसरं चालू आहे.
डाव्या दारावरचा एक ओरखडा तसाच राहणार,
ते बिराजदारांना कसं सांगायचं
हे अजून ठरलेलं नाही.